सुभेदार काकांची दुसरी ड्युटी

बेळगाव-खानापूर भागात मिलिटरीतला माणूस ही काही नवलाई नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर १९२२ पासून बेळगावात आहे, कँपातून बस जाते तेव्हा खिडकीतून रंगरूट पोरं दिसतात, आणि आमच्या तालुक्यातल्या पश्चिमेकडच्या गावांत तर भिंतीवर युनिफॉर्ममधला एकही फोटो नाही असं घर शोधावं लागेल. त्यामुळं कुणी रिटायर होऊन आला की आठ दिवस कौतुक, मग तो पण सगळ्यांसारखा इरलं घेऊन रोप लावायला चिखलात.

माझे थोरले काका गेल्या श्रावणात गेले. ऐंशी पूर्ण करून. गावातल्या मंडळानं स्टँडवर फ्लेक्स लावला, काकांचा मेडल लावलेला फोटो, खाली मोठ्या अक्षरात १९७१ च्या युद्धातील वीर. खोटं काहीच नाही त्यात. काका जंगी पलटणीत होते, लढले होते, पूर्वी स्टार, म्हणजे पूर्वेकडच्या लढाईचं पदक, आणि संग्राम मेडल दोन्ही होती. पण तो फ्लेक्स बघून मला राहून राहून वाटत होतं की ती लढाई तेरा दिवसांची होती आणि काका १९९१ ला सुभेदार म्हणून घरी आल्यावर पुढची तीस-बत्तीस वर्षं जे करत होते ते फ्लेक्सवर मावणारं नव्हतं, म्हणून ते लिहिलंच गेलं नाही. ते कुठंतरी लिहून ठेवावं म्हणून हा खटाटोप.

काका फौजेत कसे गेले ते आधी सांगतो. डिसेंबर १९६१, काका सतरा वर्षांचे. गोवा सोडवायला फौज निघाली ती बेळगावात गोळा झाली होती आणि तिथून खानापूर, लोंढा, अनमोड करत घाट उतरून मोलेमकडं गेली. म्हणजे आमच्या दारावरनंच की. मिलिटरीच्या गाड्यांची रांग संपता संपेना, धुळीनं झाडं लाल झाली, आणि गावातली पोरं रस्त्याच्या कडेला उभी राहून हात हलवत होती त्यात काका. दीड दिवसात गोवा मोकळा झाला. काका म्हणायचे, त्या गाड्यांतल्या पोरांच्या अंगावरचे स्वेटर बघून मी ठरवलं. आमच्या आज्जीनं मात्र चार दिवस चूल पेटवली नाही म्हणे. पुढच्या वर्षी चीनची लढाई झाली, भरती वाढली आणि १९६३ ला काका खानापूर स्टेशनवरून रेल्वेनं बेळगावला जाऊन छाती फुगवून पास होऊन आले.

पलटण मिळाली ती पहिली मराठा, जंगी पलटण, १७६८ साली उभी राहिलेली, रेजिमेंटची सगळ्यात जुनी. काकांना याचा अभिमान किती म्हणजे किती. कुणी नुसतं मराठा रेजिमेंट म्हटलं तरी ते थांबवून जंगी पलटण असं सांगायचे. घरात कुणाचं लग्न ठरो, कुणी परीक्षेला जावो, काका दारात उभं राहून बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय म्हणायचे आणि त्याला जोडून टेंभलाई माता की जय, कारण पलटणीचा जयकार तसाच आहे दोन्ही मिळून, आणि अर्धा म्हणायचा नाही असा त्यांचा नियम होता.

आता लढाई. काकांना सगळे लढाईच विचारायचे आणि काका लढाई सोडून बाकी सगळं सांगायचे. डिसेंबरातलं ब्रह्मपुत्रेचं पाणी किती गार होतं. रात्री नदी पार करताना पलीकडच्या गावातल्या माणसांनी होड्या कशा दिल्या. एका म्हातारीनं पदरातनं मुढी आणून दिली, आपले चुरमुरेच की, आणि बरोबर गुळाचा खडा. बेळगावच्या माणसाला चुरमुरे दिसले की तो कुठंही असो घरी पोचतो, काका हे सांगताना अजून हात ओंजळीसारखा करायचे. बाकीचं मी मोठा झाल्यावर वाचून जोडलं.

झालं असं होतं की उत्तरेकडनं ढाक्याला जाणाऱ्या वाटेवर जमालपूर होतं आणि तिथं पाकिस्तानची ३१ बलुच ही पलटण मोर्चे बांधून बसली होती. आपली ९५ माउंटन ब्रिगेड, ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर. जंगी पलटण या ब्रिगेडमध्ये होती, सीओ, म्हणजे पलटणीचे प्रमुख, कुलदीपसिंग ब्रार, पुढं १९८४ ला ब्लू स्टारमुळं ज्यांचं नाव सगळ्यांना कळलं ते. नदी ओलांडून, वळसा घालून आपल्या लोकांनी जमालपूरच्या मागचा रस्ता अडवला. ९ डिसेंबरला क्लेरसाहेबांनी आतल्या कर्नल सुलतानला चिठ्ठी पाठवली की तुम्ही पुरते घेरलेले आहात, उगाच माणसं मारून घेऊ नका, शरण या. चिठ्ठी नेली मुक्तिवाहिनीच्या, म्हणजे बांगलादेशासाठी लढणाऱ्या तिथल्याच लोकांतल्या, जहुरुल हक मुन्शी यांनी, पांढरं निशाण घेऊन, एकट्यानं. त्यांना आत मारहाण झाली, पण ते उत्तर घेऊन परत आले. उत्तराच्या कागदात एक गोळी गुंडाळलेली आणि मजकूर असा की लढाई तर अजून सुरूच व्हायचीय, आणि पुढच्या वेळी तुझ्या हातात पेन नको, स्टेनगन दिसू दे, पेन तुला फार छान चालवता येतं असं दिसतंय.

१० तारखेच्या रात्री आतली फौज बाहेर पडून ढाक्याकडं निसटायला बघत होती, ती अंधारात थेट जंगी पलटणीच्या मोर्चांवर आली. सकाळी जमालपूर पडलं होतं. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी पुढं टांगाईलच्या अलीकडं पुंगली पुलापाशी पलटण पोचली, तिथं आदल्या दिवशी विमानांतनं पॅराशूटनं उतरलेली दुसरी पॅरा पलटण पूल धरून बसली होती. ही दुसरी पॅरा म्हणजे मूळची तिसरी मराठा, पुढं पॅरा झालेली. काका सांगायचे की अंधारात पासवर्ड देऊन घेऊन झाल्यावर पहिला प्रश्न आला तो, कुठला गाव रं तुझा? आणि तो पोरगा निघाला चंदगडकडचा. आमच्यापासनं डोंगर ओलांडला की आलंच ते. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागतीवर सही झाली आणि सगळे मिळून ९३ हजार शरण आले, हे शाळेच्या पुस्तकातपण आहे.

पण त्या १० तारखेच्या रात्रीबद्दल काका एवढंच बोलले, तेही एकदाच, गणपतीच्या दिवसांत सगळे झोपल्यावर पडवीत बसून. सकाळी उजाडल्यावर समोर पडलेल्यांचे खिसे बघून कागद गोळा करायचं काम त्यांच्या सेक्शनला दिलं होतं. एकाच्या खिशात पोस्टाची पावती होती. बाकी सगळं उर्दूत, पण आकडे इंग्रजी होते म्हणून कळलं, घरी मनीऑर्डर केलेली. काका म्हणाले, "मी पण त्याच म्हयन्यात धाडली व्हती. तेवढीच." मग विडी विझवली आणि झोपायला गेले.

मी हे आणि पुढचं जोडतोय ते माझ्या मनानं. काकांनी कधी जोडलं नाही.

१९९१ ला ते आले. नवीन काळी ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगानं नंबर, रँक, नाव. चार महिने शेत, म्हैस, घराची कौलं शाकारणं असं चाललं होतं. मग एक दिवस पलीकडच्या वाड्यावरची एक बाई आली, तिचा नवरा हवालदार म्हणून पेन्शनवर आला होता आणि हृदयविकारानं गेला होता. वर्ष उलटून गेलं तरी फॅमिली पेन्शन सुरू नाही. एका ऑफिसातनं दुसऱ्या ऑफिसात जा म्हणायचे, तिथनं परत पाठवायचे. काकांनी तिची पिशवी जमिनीवर उपडी केली, कागद एकेक करून ओळीनं मांडले आणि वाचत बसले. मी तेव्हा कॉलेजला होतो, समोरच होतो. बराच वेळ गेल्यावर काका म्हणाले, "वयनी, ही बाई तुमी न्हवंच."

खरंच नव्हती. म्हणजे कागदावर नव्हती. आपल्याकडं लग्नात मुलीचं नाव बदलायची चाल. हवालदार सुट्टीवर येऊन लग्न करून गेला आणि पलटणीत क्लार्कला सांगताना बायकोचं माहेरचं नाव सांगितलं, तेच पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे लग्न-मुलं नोंदवायच्या पलटणीच्या कागदात गेलं, तेच डिस्चार्ज बुकात. गावात तिला सासरच्या नावानं ओळखतात, मतदार यादीत तेच, पण कन्नडमध्ये, आणि कन्नडमध्ये लिहिणाऱ्यानं आडनावाचा शेवट वेगळा केलेला. बँकेत इंग्रजीत तिसरंच स्पेलिंग. म्हणजे हिंदी-इंग्रजीत एक बाई, कन्नडमध्ये दुसरी, आणि मराठीत घरात चूल फुंकणारी तिसरी, आणि सरकार म्हणतंय की यातली हवालदाराची बायको कोण ते सिद्ध करा.

आमचं नशीब एवढं की मराठा रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावातच आहे. काका तिला घेऊन एसटीनं गेले, म्हणजे आमच्याकडं बस कर्नाटकची लाल असली तरी म्हणायचं एसटीच. अ‍ॅफिडेव्हिट, पंचायतीचा दाखला, दाखल्याचं इंग्रजी, लग्नाला हजर असलेल्या दोन माणसांच्या सह्या, भटजी जिवंत होता त्याचीपण सही. मग अर्ज वर इलाहाबादला, सगळ्या फौजेची पेन्शन तिथनं मंजूर व्हायची. मग प्रश्न यायचा, मग उत्तर. पैसे सुरू झाले तेव्हा दोन पावसाळे गेले होते. थकबाकी मिळाली तिच्यात तिनं म्हैस घेतली. काकांना पैसे द्यायला आली तर काका एवढे चिडले की आवाज रस्त्यापर्यंत गेला. नवीन तांदळाची पिशवी मात्र काकीनं आतल्या आत ठेवून घेतली, ते काकांना कळलं होतं की नाही देव जाणे.

आणि मग सुरूच झालं. खानापूर, जांबोटीकडनं, नंदगडकडनं, एकदा तर पार निपाणीच्या बाजूनं माणसं यायला लागली. पडवीत सकाळी सातपासून बायका बसलेल्या असायच्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद, त्या पिशवीला गाठ, गाठीवर अजून एक गाठ. काकी चहा ठेवायची आणि कुरकुरायची, पण चहा ठेवायची. काकीनं हे सगळं चालवून घेतलं हे मी मुद्दाम लिहितोय, कारण अशा माणसांच्या बायकांचं नाव फ्लेक्सवर कधीच येत नाही.

काकांना एक अडचण होती. हिंदी त्यांची पलटणीतली, पक्की. इंग्रजी फॉर्मपुरतं. पण जमिनीचा उतारा, वारसा, जन्म-मृत्यूचा दाखला, पंचायतीचं पत्र सगळं कन्नडमध्ये, आणि बोलायला येत असलं तरी वाचता येईना. पन्नाशीला टेकलेला सुभेदार, शेजारच्या पोरीचं पहिलीचं कन्नड पुस्तक घेऊन पाटीवर अक्षरं गिरवत बसला. मी स्वतः बघितलंय. ती पोरगी चुकलं की ओरडायची, अज्जा असं न्हाई, हिकडनं वळवायचं! आणि काका परत काढायचे.

इथं एक गोष्ट स्पष्ट लिहितो. काका पक्के समितीचे. मत महाराष्ट्र एकीकरण समितीलाच, सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणणाऱ्या. १७ जानेवारीला हुतात्म्यांना फुलं वाहायला जायचेच, १९५६ ला बेळगावात गोळीबार झाला तेव्हा ते शाळेत होते आणि त्या दिवसाची भीती त्यांनी आपल्या कानांनी ऐकली होती. १९८६ ला हिंडलग्याला कन्नडसक्तीच्या विरोधातल्या आंदोलनात माणसं मारली गेली तेव्हा ते ड्युटीवर लांब होते आणि पत्रात फक्त घरचे सगळे बरे आहेत ना असं चारदा विचारलं होतं. तरी त्यांनी कन्नड शिकून घेतलं आणि कन्नड घरातल्या बायकांची कामंपण त्याच पडवीत केली. पलटणीत त्यांच्या शेजारच्या खाटेवर गोकाकचा कन्नड बोलणारा मराठा होता, दोघांनाही बाहेरचे गणपतच म्हणायचे, मराठा पलटणीतल्या सगळ्यांना फौजेत म्हणतात तसं. आमच्याकडं लोकांना वाटतं की एक धरलं की दुसरं सोडावं लागतं. काकांना तसं कधी वाटलं नाही आणि मला वाटतं सीमाभागात राहायचं असेल तर हीच खरी ताकद आहे, हक्क सोडायचा नाही आणि समोरच्याचं कामही अडवायचं नाही.

१ नोव्हेंबर आमच्याकडं काळा दिवस. दुसरीकडं राज्योत्सव, बँकांना सुट्टी. आणि पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला द्यायचा महिनापण त्याच दिवशी सुरू होतो. काका १ तारखेला निषेधाच्या सायकल फेरीला जाऊन यायचे, संध्याकाळी पडवीत बसून फॉर्म भरायचे आणि २ तारखेला म्हाताऱ्यांची वरात घेऊन बँकेत. कुणाला दिसत नाही, कुणाच्या बोटांचे ठसे शेतात राबून पुसलेत, मशीन घेतच नाही, मग परत लिंबानं बोट धुवून लावायचं. हयातीचा दाखला गेला नाही की पेन्शन थांबते, आणि थांबलेली पेन्शन परत सुरू करणं म्हणजे काय ते ज्यांनी केलंय त्यांनाच माहीत.

त्यांची वही मी आता बघितली, गेल्यावर. लांबडी खतावणी, एक नाही, थप्पीच. रेघा मारून खाने पाडलेले. नंबर, रँक, नाव, पीपीओ म्हणजे पेन्शनच्या ऑर्डरचा नंबर, बँक, बायकोचं नाव कागदावरचं, बायकोचं नाव खरं, आणि शेवटचा खाना, काय अडलंय. त्यात बारीक अक्षरात: "जन्मतारीख दोन. शाळेचा दाखला आणायला सांगितला." "मुलगा पैसे काढून घेतो. मॅनेजरला बोललो. मुलाला पण बोललो." "पाय मोडला, बँकेचा माणूस घरी नेणे." "फोटोत नवरा नाही, जॉइंट फोटो कधी काढलाच नाही." एकीपुढं नुसतं "रडते. परत येऊ दे." काम झालं की पूर्ण ओळीवर लाल पेन्सिलीनं एक सरळ रेघ, फूटपट्टी लावून. मी पानं उलटत होतो आणि मला जमालपूरचं ते पत्र आठवत होतं, पेनची टिंगल करणारं. काकांनी बंदूक खाली ठेवल्यावर उरलेलं आयुष्य पेनच चालवलं, आणि या लाल रेघा मोजायला बसलं तर कुठल्याही मेडलपेक्षा मला त्या मोठ्या वाटतात. हे मी भावनेच्या भरात लिहीत नाही. एकेका रेघेमागं एक घर दर महिन्याला जेवतंय.

शेवटच्या वर्षांत त्यांना एक गोष्ट फार लागली ती अग्निवीरची. जून २०२२ ला घोषणा झाली, चार वर्षांची नोकरी, नंतर फक्त चौथा हिस्सा ठेवून घेणार, बाकीच्यांना एकरकमी पैसे देऊन घरी, पेन्शन नाही. जांबोटी रोडला पहाटे पळणारी पोरं तरी कमी झाली नाहीत, अजून पळतात, पावसात पण. काका काठी घेऊन त्यांच्या वेळेला रस्त्यावर जाऊन उभे राहायचे. त्यांनी कुणाला जाऊ नको म्हटलं नाही. पण मला म्हणाले, "पोरगं मेलं तर पैसे देतील, मला म्हाईत हाय. जगलं तर काय करंल रं?" मला उत्तर सुचलं नाही, आणि त्यांनीही मग विषय वाढवला नाही. पळून आलेल्या पोरांना मात्र एकेकाला धरून विचारायचे, आधारवर नाव काय, दहावीच्या सर्टिफिकेटवर काय, आईचं नाव दोन्हीकडं सारखं हाय का? जा, आधी ते नीट करून ये, मग पळ.

तुमच्या घरात कुणी फौजेत असेल किंवा पेन्शनवर असेल तर काकांच्या वतीनं तेवढंच सांगतो. तो माणूस जिवंत आहे तोवर बायकोचं नाव आणि जन्मतारीख रेकॉर्डला काय आहे ते बघून घ्या. जन्मतारीखपण, कारण ऐंशी पूर्ण झाली की फॅमिली पेन्शन वीस टक्क्यांनी वाढते, पंच्याऐंशीला तीस, नव्वदला चाळीस, आणि ज्या बाईची जन्मतारीखच कागदावर नाही तिची वाढ कुणी आपणहून देत नाही.

वह्या आता ताईकडं आहेत, म्हणजे काकांच्या मुलीकडं. ती बेळगावात असते, रविवारी येते. आता बरंचसं ऑनलाइन झालंय, स्पर्श या फौजेच्या पेन्शनच्या वेबसाइटवर लॉगिन, ओटीपी, ते तिला जमतं आणि काकांना जमायचं नाही, त्यांना समोर माणूस लागायचा. शेवटच्या वहीत रेघ न मारलेल्या ओळी अजून आहेत. त्यातली एक कणकुंबीकडच्या आजींची. जन्मतारीख रेकॉर्डला कोरी, शाळा कधी बघितलेली नाही, आधारवर १ जानेवारी, आमच्याकडच्या निम्म्या म्हाताऱ्यांची असते तशी. आजी म्हणतात गांधींना मारलं तेव्हा मी शेरडं राखायला जात होते. त्यावरनं ताईनं आणि मी हिशोब घातला, डॉक्टरांकडनं वयाचा दाखला घेतला, अ‍ॅफिडेव्हिट केलं आणि रेकॉर्ड ऑफिसला अर्ज दिलाय. पोच मिळालीय. ताईनं ती वहीत चिकटवली आणि शेवटच्या खान्यात लिहिलं, दिवाळीनंतर परत जाणे.